पाथरीचे कुलकर्णीपण : एका वतनासाठी दोन सुलतान

१/
परभणी जिल्ह्यातील पाथरीचे नाव अलीकडे साईबाबांच्या जन्मस्थानाच्या वादामुळे वर्तमानपत्रांत गाजले. याच गावावरून पाचशे वर्षांपूर्वीही एक वाद पेटला होता. तो वेढे, लुटालूट आणि चार-पाच राज्यांच्या युद्धांपर्यंत गेला. त्याच्या मुळाशी होते एक कुलकर्णी वतन. आजचा धागा त्या वतनाविषयी.

२/
काळ पंधराव्या-सोळाव्या शतकाचा. बहामनी सत्ता मोडकळीस आली होती. तिच्या जागी विजापूर, अहमदनगर, वऱ्हाड, बीदर आणि गोवळकोंडा अशी पाच राज्ये उभी राहिली. पाथरी वऱ्हाडच्या दक्षिण टोकाला, गोदावरीच्या उत्तरेस. नदीपलीकडे आणि पश्चिमेकडे इतरांचे प्रदेश लागत. अशा ठिकाणच्या गावाला दोन धनी असतात : एक ज्याची सनद आहे तो, आणि दुसरा ज्याचे घोडदळ जवळ आले आहे तो.

३/
या कथेचा मुख्य साक्षीदार मुहम्मद कासिम, म्हणजेच इतिहासकार फिरिश्ता. तो काही काळ अहमदनगरच्या दरबारी होता. पुढे १५८९ मध्ये विजापूरला गेला आणि दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाने त्याने आपला ग्रंथ लिहिला. निजामशाही घराण्याची कुळकथा त्याने त्या दरबारात वावरून ऐकलेली आहे, हे लक्षात ठेवून ती वाचावी.

४/
फिरिश्ता सांगतो : निजामशाही सुलतानांचे पूर्वज ब्राह्मण होते आणि पाथरीचे कुलकर्णीपण त्यांच्या घराण्यात पिढीजात होते. त्यांतील एक शाखा गाव सोडून विजयनगरच्या राज्यात गेली. तेथे बहिरू (भैरव) नावाच्या ब्राह्मणाच्या पोटी तिमाप्पा जन्मला. बहामनी सुलतान अहमदशहाच्या (१४२२–१४३६) फौजेने विजयनगरवर केलेल्या स्वारीत हा मुलगा पकडला गेला.

५/
मुलाला मुसलमान करून मलिक हसन हे नाव दिले गेले आणि सरकारी गुलामांत त्याची भरती झाली. बुद्धी तल्लख दिसल्यावरून त्याला एका शाहजाद्याच्या सोबतीस ठेवले. तेथे तो फारसी शिकला. बापाच्या नावावरून त्याला ‘भैरू’ म्हणत. शाहजाद्याच्या तोंडी त्याचे ‘बहरी’ झाले. फारसीत बहरी म्हणजे शिकारी ससाणा. अशा रीतीने एका कुलकर्ण्याच्या बापाचे नाव पुढे राजघराण्याचे उपपद बनले.

६/
याच काळातील विजयनगरवरच्या स्वारीत आणखी एक ब्राह्मण मुलगा पकडला गेला होता. तो वऱ्हाडच्या सुभेदाराच्या, खान-ए-जहानच्या, पदरी वाढला. त्याचे नाव फतहुल्ला. हाच पुढे इमाद-उल-मुल्क, वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक. ज्या दोन राज्यांचे पाथरीवरून वैर जडले, त्या दोन्ही राजघराण्यांचे मूळपुरुष एकाच नियतीतून गेले होते.

७/
येथे क्षणभर थांबावे. त्या स्वाऱ्यांत पकडलेल्यांची संख्या फिरिश्ता हजारांत मोजतो. त्यांतील दोन मुले सत्तेपर्यंत पोहोचली म्हणून त्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत. बाकीची मुले-माणसे बाजारांत, घरांत, छावण्यांत विखुरली. तिमाप्पाच्या आईचे काय झाले, हे कोणत्याही तवारिखेने विचारलेले नाही. दरबारी गुलामाचा उत्कर्ष सांगताना ही बाजू झाकली जाऊ नये.

८/
मलिक हसन चढत गेला. तेलंगणाचा सुभा त्याला मिळाला. १४८१ मध्ये वजीर महमूद गावानचा शिरच्छेद झाला, त्या कारस्थानात त्याचा हात होता. गावाननंतर राज्याची सूत्रे त्याच्याकडे आली, पण १४८६ मध्ये त्याचाही बीदरला खून झाला. त्याचा मुलगा मलिक अहमद तेव्हा जुन्नरकडे होता. १४९० मध्ये बहामनी फौजेचा पराभव करून त्याने स्वतंत्र सत्ता स्थापली. आजचे अहिल्यानगर, म्हणजे अहमदनगर, हे त्यानेच वसवलेले शहर.

९/
आता प्रश्न असा, की ज्याच्या घरात राज्य आले त्याला एका गावच्या कुलकर्णीपणाचे एवढे अगत्य का वाटावे? हे समजायचे तर ‘वतन’ ही संस्था समजून घ्यावी लागेल. मध्ययुगीन दख्खनचा कणा राजवाड्यात कमी आणि गावच्या चावडीत अधिक सापडतो.

१०/
गावाचा मुख्य पाटील. लिखापढीचा धनी कुलकर्णी. परगण्याच्या पातळीवर हीच जोडी देशमुख आणि देशपांडे यांची. कोणत्या शेताचा किती सारा, कोणाची थकबाकी, कोणते रान पडीक, कोण मिरासदार आणि कोण उपरी, हे सारे कुलकर्ण्याच्या दप्तरात. या कामाबद्दल त्याला इनाम जमीन, धान्यातला वाटा आणि मानपान मिळे. हे हक्क वंशपरंपरेने चालत, भावाभावांत वाटले जात, गहाण पडत आणि विकलेही जात.

११/
वतनाचा तंटा गोतसभेपुढे चाले. तीत पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन यांच्यापासून बलुतेदारांपर्यंत लोक बसत. साक्षी होत, महजर लिहिला जाई. नांगर, कट्यार, तराजू अशी ज्याची त्याची निशाणी कागदावर उमटे. सुलतान कोणीही असो, या सभेला ठाऊक असलेली गोष्ट एकच असे : अमक्या घराण्याचे हे वतन आहे आणि ते आजा-पणजापासून चालत आले आहे.

१२/
दिल्लीहून किंवा इराणहून आलेला सरदार तलवारीवर प्रदेश जिंकू शकत होता, पण वसूल आणायचा तर त्याला या वतनदारांच्या दाराशी जावे लागे. म्हणूनच सुलतानशाह्यांत गावपातळीचा कारभार मराठीत चालू राहिला. पहिल्या इब्राहिम आदिलशहाने १५३५ च्या सुमारास महसुली दप्तरातून फारसी काढून देशी भाषा आणली आणि ते काम ब्राह्मणांच्या हाती दिले, अशी नोंद फिरिश्त्यानेच केली आहे.

१३/
दुष्काळात वतनाचे महत्त्व अधिकच कळून येई. १४७० च्या दशकात दख्खनमध्ये सलग दोन वर्षे पाऊस पडला नाही. फिरिश्ता लिहितो, की तिसऱ्या वर्षी पाऊस आला तेव्हा शेत कसायला माणसेच उरली नव्हती. कोणी मेले, कोणी गुजरात-माळव्याकडे निघून गेले.

१४/
अशा उजाड मुलखाची पुन्हा लावणी करायची, तर परागंदा रयतेला बोलावून आणणारा माणूस लागे. सरकार कौल देई : पहिल्या वर्षी थोडा सारा, मग दरवर्षी चढता. याला इस्तावा म्हणत. तो कौल रयतेपर्यंत नेई पाटील, आणि कोणाचे शेत कोणते हे सांगे कुलकर्ण्याचे दप्तर. माणसे निघून गेली तरी गावाची स्मृती त्या बासनात बांधलेली राही. परतणाऱ्या कुणब्याच्या हक्काला तेवढाच आधार असे.

१५/
या पार्श्वभूमीवर पाथरीकडे वळू. मलिक अहमदचा मुलगा बुऱ्हाण बालवयातच गादीवर आला. राज्य चालवीत होता मुत्सद्दी मुकम्मलखान. निजामशाहीचा जम बसल्यावर घराण्याचे ब्राह्मण भाऊबंद अहमदनगरला जमले होते आणि पाथरीचे वडिलोपार्जित वतन परत मिळावे, अशी त्यांची इच्छा होती. ती इच्छा दरबाराने आपली मानली.

१६/
मुकम्मलखानाने प्रथम पत्र धाडले. पाथरी आमच्या धन्याच्या वाडवडिलांचे ठिकाण आहे, ती द्यावी आणि बदल्यात अधिक उत्पन्नाचा दुसरा परगणा घ्यावा, असा त्याचा आशय फिरिश्ता देतो. फतहुल्लाचा मुलगा अलाउद्दीन इमादशहा याने नकार दिला. एवढ्यावर न थांबता पाथरीला किल्ला बांधायला घेतला. जे गाव आजवर हिशेबाच्या वहीत होते ते तटबंदीत गेले.

१७/
इमादशहाची बाजूही समजण्यासारखी आहे. शेजारचा राजा ‘आमच्या पूर्वजांचे गाव’ म्हणून एक परगणा मागतो. आज दिला तर उद्या कोणता मागेल? शिवाय पाथरीचा परिसर गोदाकाठचा, काळ्या कसदार जमिनीचा. तो सोडणे म्हणजे वऱ्हाडची दक्षिणेकडील वेस शेजाऱ्याच्या हाती देणे. कुळाची ओढ आणि मुलखाचा स्वार्थ या दोन गोष्टी येथे एकत्र आल्या होत्या. त्या वेगळ्या काढण्याचा प्रयत्न त्या काळच्या लोकांनीही केला नसता.

१८/
१५१८ मध्ये निजामशाही फौज वेरूळ-दौलताबादकडे जाण्याचा देखावा करून निघाली आणि अचानक पाथरीवर येऊन पडली. किल्ला चढून घेतला गेला. यानंतर बुऱ्हाणशहाने पाथरी आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम करून दिली. ती अनेक पिढ्या, थेट अकबराच्या काळापर्यंत, त्यांच्याकडे राहिली, असे फिरिश्ता सांगतो.

१९/
या इनामाचा अर्थ नीट पाहावा. सुलतानाला स्वतःला कुलकर्णी होता येणार नव्हते. त्याची शाखा धर्माने, रोटीबेटीने कुळापासून तुटली होती. पण भाऊबंदकी तुटली नव्हती. आजोबा तिमाप्पाचे मलिक हसन झाले, तरी ‘आमचे वतन’ या शब्दातला ‘आम्ही’ ब्राह्मण चुलत्यांना आणि मुसलमान सुलतानाला एकत्र सामावून घेत होता. चुलत्यांनीही त्याच्या सत्तेचा आधार घेताना संकोच केला नाही.

२०/
फिरिश्त्याची कुळकथा नंतरच्या काळात घडवली गेली असावी, असे कोणी म्हणू शकेल. तसे मानले तरी एक गोष्ट शिल्लक राहतेच : दख्खनमध्ये टिकायचे तर आपण याच मातीतले वतनदार आहोत, हे सांगण्याची गरज एका मुसलमान राजघराण्याला वाटली. इराणातून आलेल्या सरदारांचा ‘आफाकी’ पक्ष आणि येथल्यांचा ‘दख्खनी’ पक्ष यांच्या रक्तरंजित चुरशीत मलिक हसन दख्खनी गटाचा म्होरक्या होता. त्याच्या वारसांना पाथरीचे नाव सनदेइतके मोलाचे होते.

२१/
वाद मात्र संपला नाही. १५२७ मध्ये इमादशहाने गोवळकोंड्याच्या कुली कुतुबशहाच्या मदतीने पाथरी परत घेतली. लगेच बुऱ्हाणशहा बीदरच्या अमीर बरीदाला सोबत घेऊन आला. वेढा घालून त्याने किल्ला जिंकला आणि जमीनदोस्त केला. पुढे माहूरही घेतले. इमादशहा खानदेशच्या सुलतानाकडे गेला. दोघेही हरले, तेव्हा त्यांनी गुजरातच्या बहादुरशहाला हाक मारली.

२२/
१५२८ मध्ये बहादुरशहा दख्खनमध्ये उतरला. मोठ्या फौजेपुढे बुऱ्हाणशहाने त्याच्या नावाने खुतबा वाचण्याचे कबूल केले. पाथरी आणि माहूर परत देण्याचे वचनही दिले. बहादुरशहाची पाठ फिरल्यावर वचन हवेत विरले. अहमदनगर, वऱ्हाड, बीदर, गोवळकोंडा, खानदेश, गुजरात : एका परगण्याच्या निमित्ताने दहा वर्षांत सहा राज्यांच्या फौजा हलल्या होत्या.

२३/
या फौजा खात काय होत्या? हजारो घोडी, बैल, हत्ती आणि त्यांच्यामागे चालणारा बाजारबुणग्यांचा तांडा. त्यांचा चारा आणि दाणा वाटेतल्या शिवारांतूनच येई. पिके उभी असताना छावणी पडली, तर त्या वर्षीचे धान्य गेलेच, बियाणेही जाई. पाथरीचे इनाम ज्यांना मिळाले त्यांची नोंद तवारिखेत आहे. ज्यांची कणसे घोड्यांनी खाल्ली, त्यांची नोंद ज्या दप्तरात झाली असेल ती कुलकर्ण्याची वही. आणि दोन्ही बाजू लढत होत्या त्याच वहीच्या मालकीसाठी.

२४/
१५७४ मध्ये मुर्तझा निजामशहाने सगळे वऱ्हाडच खालसा केले. पाथरीचा प्रश्न मिटला असे वाटावे, तर वीस वर्षांनी मोगल आले. १५९६ मध्ये चांदबिबीने अहमदनगरचा किल्ला झुंजवला आणि तह करून वऱ्हाड अकबराला दिले. मोगल अधिकाऱ्यांनी पाथरीचाही ताबा घेतला. अहमदनगरचे म्हणणे : पाथरी वऱ्हाडात येत नाही. मोगलांचे म्हणणे : येते.

२५/
म्हणजे जुनाच प्रश्न नव्या तोंडांनी विचारला जाऊ लागला : पाथरी कोणाची? बुऱ्हाणशहाच्या दृष्टीने ती अहमदनगरच्या घराण्याचे वतन होती. मोगल कारकुनाच्या दृष्टीने वऱ्हाड सुभ्यातले एक सरकार. ‘आईन-ए-अकबरी’त पाथरी त्याच रूपाने नोंदलेली आहे. वतन म्हणून पाहिलेले गाव आणि महसुली मुलूख म्हणून पाहिलेले गाव, यांच्या सीमा जुळेनात.

२६/
चांदबिबीने विजापूर आणि गोवळकोंड्याची मदत मागितली. विजापूरचा सेनापती सुहेलखान तिघांच्या एकत्रित फौजा घेऊन गोदावरीकडे आला. समोर खानखानान अब्दुर्रहीम. १५९७ च्या आरंभी लढाई झाली. ‘अकबरनामा’ ती पाथरीपासून बारा कोसांवर आष्टीजवळ सांगतो. फिरिश्ता ‘सोनपत’ असे ठिकाण देतो, आणि ते नाव परभणी जिल्ह्यातील आजच्या सोनपेठशी जोडले जाते.

२७/
लढाई दोन दिवस चालली. मोगलांच्या बाजूने लढणारा खानदेशचा राजा अलीखान पहिल्याच दिवशी मारला गेला. अंधारात तो दिसेना, तेव्हा तो शत्रूला मिळाला असे समजून मोगलांनीच त्याची छावणी लुटली. दुसऱ्या दिवशी त्याचे प्रेत रणात सापडले. सुहेलखानाचा पराभव झाला आणि अहमदनगरचा शेवट जवळ आला. १६०० मध्ये तो किल्लाही पडला.

२८/
निजामशाहीची उरलेली झुंज पुढे लढला मलिक अंबर, तोही लहानपणी विकला गेलेला गुलाम. मलिक हसनप्रमाणेच त्याचीही ताकद येथल्या माणसांच्या आधारावर उभी होती. त्याची महसूल व्यवस्था गावाच्या पाटील-कुलकर्ण्यांना धरून चालली, आणि मराठे सरदार त्याच्या फौजेत वाढले.

२९/
आता हिशेब मांडून पाहू. बहामनी गेले, इमादशाही गेली, निजामशाही गेली, मोगल गेले. मग हैदराबादचा निजाम आला आणि तोही गेला. पाथरीचा १५१८ चा तट दहा वर्षेही टिकला नाही. पण पाटील-कुलकर्ण्यांची चौकट या सगळ्यांना पुरून उरली. स्वतंत्र महाराष्ट्रात कायद्याने वतने रद्द झाली, तेव्हाच ती संपली. मध्ययुगातील उलथापालथ मोजताना काय बदलले याबरोबर काय हलले नाही, हेही पाहावे लागते, ते यासाठी.

३०/
या टिकाऊपणाचे केवळ कौतुक करू नये. वतनाने गावाला स्मृती दिली, दुष्काळानंतर रयतेला परतीची वाट दिली. त्याच वतनाने हिशेब वाचण्याचा अधिकार एका घरात कोंडला. ज्याला अक्षर येत नव्हते त्या कुणब्याला आणि ज्याला चावडीची पायरी चढता येत नव्हती त्या महाराला, ‘तुझ्याकडे इतकी बाकी आहे’ हे ऐकूनच घ्यावे लागे. सुलतानांनी ज्याच्यासाठी युद्धे केली, ते अधिकारपद गावातल्या दुबळ्यासाठी सुलतानाहून जवळचे आणि कित्येकदा जड होते.

३१/
पाथरीची कथा ‘हिंदू विरुद्ध मुसलमान’ या एका रेषेत बसत नाही. धर्मांतरित ब्राह्मणाचा नातू आपल्या ब्राह्मण भाऊबंदांसाठी दुसऱ्या धर्मांतरित ब्राह्मणाच्या मुलावर चालून जातो. ती ‘सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते’ या रेषेतही बसत नाही, कारण तिची सुरुवात आईबापांपासून तोडून नेलेल्या एका मुलापासून होते. दोन्ही गोष्टी एकाच घराण्यात, तीन पिढ्यांत घडल्या.

३२/
पाथरी, सोनपेठ या बाजूला जाणे झाले तर गोदाकाठची शिवारे जरूर पाहावीत. आणि आपल्या घरी जुने महजर, कौलनामे किंवा मोडीतली बाडे असतील, तर ती रद्दीत घालू नयेत. जाणकाराकडून वाचून घ्यावीत. तवारिखांनी जी नावे गाळली, त्यांतली काही अजून त्या कागदांत असतील.

धागा समाप्त.